गणपतीची शाळा आणि तुमचे काम : घराण्याचा वारसा कलेत कसा आणावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातील एका गावात तुमच्या घराण्याची चार पिढ्यांची गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याचा कारखाना, आहे. मुंबईत कलाशिक्षण पुरे करून तुम्ही गावी परतला आहात, आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले आणि वडील आता शाळा चालवतात. घर, वाडी आणि गाव यांवर चित्रे व शिल्पे करावीत असे तुम्ही ठरवले. परंतु पहिली दहा-बारा चित्रे झाल्यावर ती पर्यटनाच्या जाहिरातीसारखी वाटू लागली. सुरुवात कोठून करावी, गावातील माणसांच्या गोष्टी वापरण्याचा आपल्याला हक्क आहे का, आणि मूर्तिकामाला कलाविश्व ‘कला’ मानेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी स्वतः कोकणातलीच आहे. पस्तीस वर्षे शिल्पकाम आणि कलाशिक्षण यांत काढल्यामुळे हे तिन्ही प्रश्न मला निरनिराळ्या वेळी पडले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांतील चित्रे मी नीट पाहिली. त्यांत कौलारू घर आहे, तुळशीवृंदावन आहे, माडांची रांग आहे, डोक्यावर गणपती घेऊन शेताच्या बांधावरून चाललेला माणूस आहे. रेखाटन चांगले आहे. पण या सर्व गोष्टी गाव सोडून गेलेल्या माणसाला आठवतात त्या आहेत. गावात राहणारा माणूस दिवसभरात तुळशीवृंदावनाकडे क्वचितच पाहतो. तो गळक्या कौलाकडे, ओल्या मातीकडे, गणपतीसाठी शाळेत न आलेल्या लाकडी पाटाकडे पाहतो. तुम्ही परत आलात, पण चित्रे अजून मुंबईतूनच काढत आहात. म्हणून माझा पहिला सल्ला असा की काही महिने गावाची दृश्ये रंगवणे पूर्ण थांबवावे आणि शाळेत बसावे.

तुमच्या घराण्याच्या वारशात एक विलक्षण गोष्ट आहे आणि तिच्याकडे तुमचे लक्ष अजून गेलेले दिसत नाही. चार पिढ्यांनी मिळून हजारो मूर्ती घडवल्या असतील, पण त्यांतील एकही आज अस्तित्वात नाही. दीड दिवसाने, पाच दिवसांनी, सात दिवसांनी, अकरा दिवसांनी त्या नदीत, तळ्यात, समुद्रात विरघळल्या. आजोबांची मूर्ती कशी होती हे दाखवायला एखादे जुने छायाचित्र सोडले तर तुमच्याजवळ काहीच नाही. चित्रकाराच्या मागे चित्रे उरतात, सुताराच्या मागे दारे-खिडक्या उरतात. तुमच्या आजोबांच्या मागे साचे, कोरण्या, रंगाने घट्ट झालेल्या नारळाच्या करवंट्या आणि तुमच्या वडिलांच्या हातातील सवय एवढेच उरले. विरघळण्यासाठीच जे घडवले गेले, त्याचा वारसा सांगायचा कसा, हा माझ्या मते तुमच्या कामाचा खरा विषय आहे, आणि तो माडाच्या चित्रात मावणारा नाही.

आता पाटाविषयी लिहिते, कारण मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. कोकणात मूर्ती दुकानातून विकत आणण्याची रीत अलीकडची आहे. जुनी रीत अशी की नागपंचमीच्या सुमारास, काही ठिकाणी त्याही आधी, प्रत्येक घराने आपला पाट शाळेत नेऊन द्यायचा आणि त्या घराचा गणपती त्याच पाटावर बसायचा. म्हणजे आसन गिऱ्हाइकाच्या घरातले आणि मूर्ती तुमच्या घरातली. पाटाच्या खालच्या बाजूला घराचे नाव किंवा खूण असते, जुन्या मातीचे थर असतात, वाळवीने खाल्लेला कोपरा असतो. कोणत्या घराचा गणपती केवढा, सोंड कोणत्या बाजूची, बैठक कशी, पितांबर कोणत्या रंगाचा, हे अनेकदा कागदावर नसते. ते मूर्तिकाराच्या डोक्यात असते आणि पाट पाहताच त्याला आठवते. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी पुष्कळ घराण्यांत गणपती मूळ घरात एकच राहतो. म्हणून ज्या वर्षी एका पाटाचे दोन पाट होतात, त्या वर्षी त्या घरात काहीतरी घडलेले असते. ज्या वर्षी पाट येतच नाही, त्या वर्षी घराला कुलूप लागलेले असते, किंवा सुतक असते, किंवा चाकरमान्यांनी गणपती मुंबईलाच बसवायचा निर्णय घेतलेला असतो. तुमच्या शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली पाटांची रांग हा त्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो वाचू शकणारा एकच माणूस आज हयात आहे, तो म्हणजे तुमचे वडील.

त्यांच्याशेजारी बसून तो लिहून घ्या. आवाजाचे ध्वनिमुद्रण करा, पण केवळ मुलाखत म्हणून समोर बसवून प्रश्न विचारू नका. हात कामात असताना माणूस जे बोलतो ते खुर्चीवर बसवल्यावर बोलत नाही. प्रत्येक पाट उलटा करून त्याच्यावर पातळ कागद ठेवून कोळशाने किंवा मेणखडूने घासून ठसा घ्या. लाकडाची रेघ, कापाची खूण, घरनाव, सारे कागदावर उतरेल. ठसा घेण्यापूर्वी पाट ज्या घराचा आहे त्या घराला विचारा. तो तुमच्या शाळेत असला तरी तुमचा नाही. हे ठसे पुढे प्रदर्शनात येतील किंवा येणार नाहीत, त्याची आत्ताच चिंता नको. माझा अनुभव असा आहे की महिनाभर असे काम केल्यावर हाताला काय घडवायचे आहे ते आपोआप कळू लागते, आणि आधी मनात धरलेल्या कल्पनांतील बहुतेक गळून पडतात.

मातीविषयीही थोडी चौकशी करावी लागेल. ‘आमच्या गावची माती’ असे वाक्य तुमच्या निवेदनात दोनदा आले आहे. कोकणातील शाळांत वापरली जाणारी शाडूची माती प्रामुख्याने गुजरातेतून येते. त्यापूर्वी तुमचे पणजोबा काय वापरत होते? शेतातील चिकणमाती असेल, तर ती कोणत्या कोपऱ्यातून, कोणत्या महिन्यात काढत, ती चाळत कशी, तडे जाऊ नयेत म्हणून तीत कापूस मिसळत की काथ्या? मग शाडू कधी आली, कोणी आणली, कशासाठी? ही बदलाची कहाणी मला ‘मातीशी नाते’ या शब्दांपेक्षा कितीतरी अधिक खरी वाटते. तिचाच पुढचा भाग म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. बाहेरून भरून येणाऱ्या हलक्या, चकचकीत, स्वस्त मूर्तींनी गावोगावच्या शाळांचे किती पाट कमी केले, हे तुमच्या वडिलांना तोंडपाठ असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरला मनाई केली, तरी प्रश्न संपला नाही, कारण भर पावसात दमट हवेत माती वाळवून मूर्ती वेळेवर पुरी करणे हे कष्टाचे काम कोणी करायचे, याचे उत्तर सूचनेत नसते. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही आणि तुमच्या घराण्याची कला विरघळण्यावर उभी आहे. पदार्थाचा हा एक गुण घेऊन एखादा शिल्पकार अनेक वर्षे काम करू शकेल.

ज्या ठिकाणच्या माणसांनी जे हाताळले तोच पदार्थ हाती घेऊन केलेल्या कामाचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच देते. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावी झाला. त्यांच्या घरातील तीन पिढ्या कोळसा खाणींशी जोडलेल्या. त्यांनी खाणकामगारांची चित्रे काढण्यासाठी कोळसाच हाती घेतला आणि कागद अपुरा पडला तेव्हा थेट भिंतीवर रेखाटने केली. त्या चित्रांतील माणसांच्या डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी अवजार, कधी यंत्राचा तुकडा येतो. सास्तीचे निसर्गदृश्य त्यांत शोधू गेलात तर सापडणार नाही, पण जमीन पोखरली गेल्यावर तिच्यावर राहणाऱ्या माणसाचे काय होते, हे मात्र प्रत्येक रेषेत दिसते. मुंबईचे अमोल पाटील यांचेही काम पाहावे. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटके लिहिणारे, आणि घर चाळीतले. त्यांनी घरातील हा शब्दांचा आणि आवाजाचा वारसा शिल्प, रेखाटन आणि सादरीकरणात आणला व २०२२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनापर्यंत नेला. दोघांनीही आपल्या घराचे चित्र काढण्याऐवजी घरातील काम हाती घेतले आणि ते पुढे चालवले, हे मला महत्त्वाचे वाटते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अलिबागजवळ सासवणे गावी आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडवण्याचे काम चाले. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांच्यामुळे हा मुलगा मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पोहोचला. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. पण मी विद्यार्थ्यांना नेते ती सासवण्याला, त्यांच्या घरी, जे आता संग्रहालय आहे. तेथे साध्या सिमेंटात घडवलेली म्हैस आहे, कोळीण आहे, शंख फुंकणारा माणूस आहे, घरातली आणि गावातली माणसे आहेत. त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला की कळते, हा हात आधी ओल्या मातीवर फिरलेला आहे. पाण्याचा हात फिरवून पृष्ठभाग घट्ट आणि मऊ एकाच वेळी ठेवण्याची जी खुबी गणपतीच्या शाळेत शिकायला मिळते, ती तेथे सिमेंटात उतरली आहे. शाळेतील शिक्षण आणि कलाशाळेतील शिक्षण यांत त्यांनी उच्चनीच मानले असते तर ती म्हैस झाली नसती. म्हणून कलाविश्व काय मानेल, हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर पाच वर्षांनी विचारला असता. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी एका श्वासात करू शकणाऱ्या माणसाला रेषेविषयी कोणी शिकवावे लागत नाही. तुमचे वडील ती करताना एकदा त्यांच्या खांद्याकडे आणि कोपराकडे पाहा. मला वाटते, रेखाटनाच्या तासात तुम्हाला एवढे कोणी दाखवले नसेल.

मात्र वारसा म्हटला की एक धोकाही येतो, आणि तो वारली चित्रांच्या बाबतीत आपल्या डोळ्यांसमोर घडला. पालघर-डहाणूच्या पट्ट्यात लग्नाच्या वेळी घराच्या अंधाऱ्या भिंतीवर, गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहिला जातो. तो लिहितात त्या सवाशिणी, लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकात पालघट देवी बसते. म्हणजे ते चित्र एका प्रसंगासाठी, ठरावीक स्त्रियांच्या हातांनी, ठरावीक भिंतीवर होत असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकाबाहेर येऊन शेत, मासेमारी, तारपा हे वाद्य, मुंग्या, झाडे असे सारे जगच त्या रेषेत आणले. ते थोर चित्रकार होते. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी केले ते वारशाचे सर्जनशील विस्तारणे होते. परंतु त्याच काळात चौक लिहिणाऱ्या असंख्य स्त्रियांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि आज पिशव्यांवर, पेल्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर त्रिकोणी माणसांची रांग छापणाऱ्याला पालघट माहीतही नसते. तुम्ही तुमच्या चित्रांच्या कडेला सजावट म्हणून वारली आकृत्या वापरल्या आहेत, त्या कृपा करून काढून टाका. तुमच्या घराचा त्यांच्याशी संबंध नाही, आणि तुमच्याजवळ स्वतःचे पुरेसे आहे.

स्त्रियांच्या नावांचा विषय निघालाच आहे, तर विचारते. तुमच्या शाळेत माती कोण मळते? भेगा कोण बुजवते, पांढऱ्या रंगाचा हात कोण देते, रात्री दोन वाजता दागिने रंगवायला कोण बसते? गावात शाळा पुरुषाच्या नावाने ओळखली जाते, पण चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांत त्या घरातील आजी, आई, आत्या, लहान मुली यांच्याशिवाय एकही मूर्ती पुरी होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. तुमच्या प्रश्नात आजोबा आणि वडील आले. आजी आणि आई आल्या नाहीत. हा दोष तुमचा एकटीचा नाही, परंतु तुमच्या कामात तो राहता कामा नये.

आता हक्काविषयी. येथे मी माझी एक चूक सांगते, कारण तीतून मी जे शिकले ते कोठल्याही वर्गात शिकले नव्हते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी माझ्या आजोळच्या वाडीवर एक शिल्पमालिका केली. त्यात शेजारच्या एका वृद्ध बाईंचा मुखवटा होता आणि सोबत त्यांच्या घर सोडून गेलेल्या मुलाची हकिकत चार ओळींत लिहिलेली होती. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, म्हणून ती माझीही आहे असे मी गृहीत धरले. मुंबईतील प्रदर्शन पाहून आलेल्या कोणी नातेवाइकाने त्यांना ते सांगितले. पुढच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा त्यांनी नेहमीसारखे पाणी दिले, बसवले, आणि एवढेच म्हणाल्या, “माका आधी सांगूक व्हया होता.” मी ते शिल्प नंतर कोठेही मांडले नाही. प्रशंसा पुष्कळ मिळाली होती, पण ज्यांच्या दारातून ती गोष्ट उचलली त्यांनाच ती सर्वांत शेवटी कळली, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी एक पथ्य पाळत आले. ज्या माणसाचे घर, चेहरा, वस्तू किंवा दुःख कामात येणार असेल, त्याला काम सुरू करताना सांगायचे आणि पुरे झाल्यावर पहिल्यांदा त्यालाच दाखवायचे. तो नको म्हणाला तर ते काम थांबवायचे, ते कितीही चांगले झाले असले तरी. तुमच्या बाबतीत यात श्रद्धेचा भागही येतो. मूर्ती शाळेत असते तोवर माती असते आणि घरी प्रतिष्ठापना झाल्यावर देव होते, हे गावाला नीट कळते. त्यामुळे अर्धवट मूर्ती, तडा गेलेली मूर्ती, बिनडोळ्यांची मूर्ती यांचे काय करायचे याचेही संकेत प्रत्येक शाळेत ठरलेले असतात. ते वडिलांना विचारल्याशिवाय अशी कोणतीही वस्तू प्रदर्शनात मांडू नका. आखणी न केलेली मूर्ती दालनात ठेवणे तुम्हाला दृश्य म्हणून प्रभावी वाटेल, पण तुमच्या आईला ते पाहवेल का, हा विचार आधी करावा.

आता काम कोठे दाखवावे, याविषयी. कुडाळजवळच्या पिंगुळी येथे ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवून कथा सांगणे) आणि बाहुल्यांच्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांच्या कुटुंबाने स्वतःच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ मध्ये गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की पोथीतील चित्रे पाहायला आलेल्या माणसाला ती ज्या घराची आहेत त्याच घराच्या अंगणात, त्याच घरातील माणसाच्या तोंडून, वीणा आणि हुडुक हे तालवाद्य यांच्या साथीने कथा ऐकायला मिळते. तुमच्यापासून ते फार लांब नाही. दोन दिवस काढून जा. आणि मग आपल्या शाळेकडे पाहा. चतुर्थीला सगळे गणपती आपापल्या घरी गेले की ती खोली एकदम रिकामी होते, जमिनीवर रंगांचे डाग आणि पाटांच्या चौकोनी खुणा तेवढ्या राहतात. तुमचे पहिले प्रदर्शन मी त्याच खोलीत, त्याच दिवसांत भरवले असते, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात आणि ज्यांच्या पाटांचे ठसे भिंतीवर लागतील ती माणसे स्वतः येऊन पाहू शकतात. न भाजलेल्या मातीत काही घडवणार असाल तर ते मुंबईला नेण्याचा हट्टही धरू नका. ट्रकच्या धक्क्यांत ते टिकणार नाही, आणि टिकावे असेच तुम्हाला वाटते का, हे आधी ठरवावे लागेल. छायाचित्रे आणि ठसे नेता येतील.

एक शेवटची सूचना, आणि ती याच हंगामासाठी आहे. नागपंचमी जवळ येते आहे. पाट यायला लागतील तेव्हा वडिलांजवळ बसून एक वही करा आणि तीत आलेल्या पाटांबरोबर यंदा न आलेल्या पाटांचीही नोंद ठेवा : घर कोणाचे, शेवटचा पाट कोणत्या वर्षी आला, आणि त्या घरच्या गणपतीचा पितांबर कोणत्या रंगाचा असे. त्यांना हे सगळे आठवेल. आईलाही त्या वेळी जवळ बसवा, कारण रंग बहुधा तिला अधिक अचूक आठवतील.